मोजमापाच्या वाटेने

दहावी-बारावीनंतर, किंवा कला अथवा वाणिज्य शाखेची पदवी पदरी पडल्यानंतर, ज्या तरुणास इमारती, पूल, रस्ते आणि कालवे यांच्या कामांविषयी मनापासून ओढ वाटते, परंतु ज्याच्यापाशी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी वा पदविका नाही, त्याची बहुधा अशी समजूत झालेली असते की, या व्यवसायाचा दरवाजा आपणांस कायमचा बंद झाला. आणि घरातील वडीलधारी मंडळीही, काहीशा काळजीपोटी व काहीशा अपरिचयामुळे, त्याची तीच समजूत दृढ करून टाकतात. ही समजूत निराधार आहे. दरवाजा कोणत्या बाजूने उघडतो, आत शिरल्यावर प्रथम काय शिकावे, आणि कोणत्या गोष्टी रीतसर शिक्षणावाचून कदापि साध्य होणार नाहीत, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एखाद्या मध्यम आकाराच्या इमारतीच्या कामावर दिवसभर उभे राहून पाहिल्यास असे ध्यानात येईल की, तेथे वावरणाऱ्या माणसांत अभियंते थोडे आणि इतरच पुष्कळ असतात. आलेला माल उतरवून घेणारा स्टोअरकीपर, मजुरांची हजेरी मांडणारा टाइमकीपर, कंत्राटदाराचे बिल तयार करणारा कारकून, खरेदीचे दर काढणारा, सुरक्षेवर नजर ठेवणारा, सेंट्रिंगवाल्यांच्या आणि फिटरांच्या टोळ्या हाकणारा मुकादम, आणि या सर्वांमधून दिवसभर फिरणारा सुपरवायझर. यांपैकी बहुतेक जागांवर प्रवेश मिळण्यास पदवीची अट नसते. लागते ती मोजण्याची, नोंदण्याची आणि नोंदलेल्याचा जाब देण्याची तयारी. बांधकामाचा सगळा व्यवहार, मजुराच्या पगारापासून कोट्यवधींच्या देयकापर्यंत, अखेर मोजमापावर उभा असतो. आणि मोजमाप ही अशी विद्या आहे की, जी साधे अंकगणित येणाऱ्या कोणासही कामाच्या जागीच आत्मसात करता येते. म्हणून बिनतांत्रिक पार्श्वभूमीच्या माणसाने मोजमापाच्या वाटेने आत यावे, असे माझे निश्चित मत आहे.

इतिहासाकडे पाहता ही वाट नवी नाही. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा जो पहिला वर्ग निघाला, आणि ज्यातून पुढे आजचे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय वाढले, तो मुळात सरकारी बांधकामांसाठी दुय्यम दर्जाचे कर्मचारी तयार करण्यासाठीच काढलेला होता. तत्पूर्वी आणि त्यानंतरही कित्येक दशके घाट, वाडे आणि पूल बांधणाऱ्या गवंडी-सुतार-पाथरवटांनी आपले ज्ञान वडिलांच्या वा उस्तादांच्या हाताखाली राहूनच मिळविले होते. परंतु याहूनही बोलके उदाहरण भोर घाटाच्या लोहमार्गाचे आहे. त्या अवघड कामाचा मक्ता घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली हिंदुस्थानात उतरल्यावर अल्पावधीतच मरण पावला, तेव्हा त्याची विधवा ॲलिस हिने, स्वतः अभियंता नसतानाही, तो मक्ता सोडून न देता आपल्या जबाबदारीवर पुढे चालविला. तांत्रिक देखरेख तिने ॲडमसन व क्लाऊझर या दोन अनुभवी अभियंत्यांच्या हाती सोपविली, आणि १८६३ साली तो घाटमार्ग वाहतुकीस खुला झाला. या उदाहरणातून घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. काम पार पाडण्याची कर्तबगारी आणि अभियांत्रिकीचे ज्ञान या दोन भिन्न वस्तू असून पहिली दुसरीवाचून असू शकते. मात्र जेथे दुसरीची गरज आहे तेथे ती जाणकाराकडूनच घ्यावी लागते, ही मर्यादा त्या बाईने ओळखली होती.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. नवख्या माणसास पहिली नेमणूक बहुधा स्टोअरमध्ये मिळते, आणि अनेकांना ती कमीपणाची वाटते. वास्तविक बांधकाम शिकण्यास याहून उत्तम जागा नाही, कारण इमारतीत जाणारी प्रत्येक वस्तू प्रथम स्टोअरकीपरच्या नजरेखालून जाते. वाळूचा ट्रक आला असे समजा. चलनावर ३ ब्रास लिहिलेले आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. हौद्याची आतली लांबी १४ फूट आणि रुंदी ७ फूट भरली. परंतु उंची कोठे मोजावयाची? मध्यभागी वाळूचा उंचवटा असतो आणि कोपरे दबलेले असतात. म्हणून फावड्याने वाळू सारखी करून घ्यावी, मग चारी कोपऱ्यांत व मधोमध सळई तळापर्यंत खुपसून ओल्या खुणेपर्यंतची उंची पट्टीने मोजावी आणि पाचांची सरासरी काढावी. ती पावणेतीन फूट आली, तर १४ गुणिले ७ गुणिले २.७५ अर्थात २६९.५ घनफूट, म्हणजे चलनावरील ३ ब्रासच्या जागी प्रत्यक्षात २.७ ब्रासच माल आलेला आहे. शिवाय वाळू दमट असेल तर ती फुगलेली असते. हा फुगवटा वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत, आणि बारीक वाळूत त्याहूनही अधिक, असू शकतो. ज्याने पहिल्याच महिन्यात हे हिशेब चलनाच्या मागे सुवाच्य अक्षरांत लिहून, ड्रायव्हरची सही घेऊन, वरिष्ठांपुढे ठेवले, त्याची पदवी कोणी विचारीत नाही.

सळईचेही तसेच. सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमधील वर्ग करून त्यास १६२ने भागले की एका मीटरचे वजन किलोग्रॅममध्ये निघते. १२ मिलिमीटरच्या सळईसाठी १४४ भागिले १६२, म्हणजे सुमारे ०.८९ किलो, बारा मीटरची अखंड सळई साधारण १०.६७ किलोची. शंभर सळया उतरल्या तर वजनकाट्याच्या पावतीवर १०६७ किलोच्या आसपास आकडा दिसला पाहिजे; भारतीय मानकानुसार या व्यासाला पाच टक्क्यांपर्यंत अधिक-उणे चालते. त्यापलीकडचा फरक दिसल्यास एक तर सळया मोजण्यात चूक आहे, नाहीतर सळई हलकी आहे, आणि दोन्ही गोष्टी माल उतरतानाच सांगितल्या पाहिजेत. स्लॅब भरून झाल्यावर त्या सांगण्यात अर्थ उरत नाही. सिमेंटची गोणी ५० किलोची. गोण्या जमिनीला व भिंतीला न चिकटविता फळ्यांवर रचाव्यात, आधी आलेली आधी द्यावी, आणि तीन महिन्यांहून अधिक पडून राहिलेले सिमेंट चाचणीवाचून वापरू देऊ नये. या साऱ्या गोष्टी कोणत्याही महाविद्यालयात जाण्यापूर्वी शिकता येतात.

स्टोअरनंतरची पायरी नकाशा वाचण्याची. येथे पुष्कळ जण बिचकतात, पण नकाशाची भाषा फार मोठी नाही. वास्तुविशारदाचा नकाशा इमारत कशी दिसेल व खोल्या कोठे असतील ते सांगतो, आर.सी.सी.चा नकाशा तिच्या अंगात लोखंड कसे घालावयाचे ते सांगतो. एका बाजूस अ, ब, क आणि दुसऱ्या बाजूस १, २, ३ अशा मध्यरेषा काढलेल्या असतात, आणि प्रत्येक कॉलमचा पत्ता या दोन खुणांच्या छेदावर ठरतो. कॉलमच्या तक्त्यात त्याचे माप, उभ्या सळया आणि रिंगांचे अंतर दिलेले असते. रोज संध्याकाळी एक कॉलम निवडून, नकाशातील त्याची माहिती प्रत्यक्ष बांधलेल्या सळयांशी ताडून पाहण्याची सवय लावून घेतल्यास काही महिन्यांत नकाशा वृत्तपत्रासारखा वाचता येऊ लागतो. एक काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावी. नकाशाच्या कोपऱ्यात त्याचा सुधारणा-क्रमांक लिहिलेला असतो. सुधारित नकाशा आला की जुन्याच्या सर्व प्रती गोळा करून त्यांवर 'रद्द' असा शेरा मारावा. मुकादमाच्या खिशात राहिलेल्या जुन्या घडीमुळे पाडावी लागलेली भिंत ज्याने पाहिली आहे त्यास या सूचनेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

लाइनआउटच्या, म्हणजे जमिनीवर इमारतीची आखणी करण्याच्या, दिवशी तर नवशिक्याने काहीही करून हजर राहावे. सकाळचे ऊन चढण्यापूर्वी खुंट्या ठोकल्या जातात, दोऱ्या ताणल्या जातात, आणि दोन दोऱ्या काटकोनात आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी जुना जाणता मिस्त्री एका दोरीवर ३ मीटर आणि दुसरीवर ४ मीटर मोजून खुणा करतो. त्या दोन खुणांमधील अंतर बरोबर ५ मीटर भरले की काटकोन साधला. मोठ्या इमारतीस हीच मापे दुपटी-तिपटीने घेतली तर चूक अधिक लवकर उघडी पडते. नंतर संपूर्ण चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजावेत: ९ मीटर रुंद व १२ मीटर लांब चौकोनाचा प्रत्येक कर्ण १५ मीटर आलाच पाहिजे. मग फक्की मारून खोदाईच्या रेषा आखल्या जातात. शाळेत कंटाळवाणा वाटलेला पायथागोरसाचा सिद्धान्त येथे दोरीच्या टोकाशी जिवंत झालेला दिसतो. लेव्हल पाइपमधील पाण्याची पातळी दोन ठिकाणी सारखी दिसली म्हणजे ती ठिकाणे समान उंचीवर आहेत, आणि ओळंब्याची दोरी भिंतीच्या कडेपासून वर-खाली सारख्याच अंतरावर राहिली म्हणजे भिंत उभ्यात सरळ आहे, एवढी साधी साधने वापरून मिस्त्री जे अचूक काम काढतो ते पाहिल्यावर त्याच्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. हा आदर मनात असणे व्यावहारिकदृष्ट्याही आवश्यक आहे. बी.ए. झालेल्या सुपरवायझरने पंचवीस वर्षे थापी धरलेल्या गवंड्यास 'अहो मिस्त्री' म्हणून हाक मारली, त्यास चारचौघांत न खडसावता शंका बाजूला घेऊन विचारली, तर तोच गवंडी त्यास पुस्तकात नसलेले शंभर बारकावे उलगडून सांगतो. आणि तसे न केल्यास तो काहीच सांगत नाही.

काँक्रीटविषयी एवढेच की, सुपरवायझर म्हणून उभे राहिल्यावर पाण्यावर नजर ठेवावी. मिश्रण घट्ट वाटले की कामगार त्यात पाणी वाढवितात, कारण त्याने पसरणे सोपे होते; परंतु प्रत्येक जादा बादलीने काँक्रीटची ताकद घटते. ताकदीची परीक्षा १५० मिलिमीटर बाजूच्या ठोकळ्यांवर ७ व २८ दिवसांनी होते, म्हणजे आज केलेली चूक कळते तेव्हा वरचा मजला चढलेला असतो. स्लॅब भरल्यावर साध्या सिमेंटच्या कामाला निदान सात दिवस, आणि फ्लाय ॲशसारखे द्रव्य मिसळलेल्या सिमेंटच्या कामाला निदान दहा दिवस पाणी मारलेच पाहिजे; पाणी मारणाऱ्या माणसाची हजेरी आणि वेळा यांची वही ठेवल्यास हे काम आपोआप होते.

यापुढची, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची, पायरी बिलाची होय. कंत्राटदाराचे चालू देयक मोजमाप-पुस्तिकेवरून बनते. मोजमाप लिहिण्याची रीत ठरलेली आहे: कामाचा तपशील, नग, लांबी, रुंदी, उंची आणि परिमाण. परंतु वजावटीचे नियम ज्यास ठाऊक नाहीत त्याच्या हातून कधी मालकाचे तर कधी कंत्राटदाराचे नुकसान होते. उदाहरणार्थ, ५ मीटर लांब व ३ मीटर उंच भिंतीस दोन्ही बाजूंनी सारखेच प्लास्टर केले आहे, आणि तीत १.२ मीटर गुणिले १.२ मीटरची खिडकी आहे. दोन्ही बाजू मिळून क्षेत्र ३० चौरस मीटर. नवखा मनुष्य खिडकीचे १.४४ चौरस मीटर दोन्ही बाजूंनी वजा करतो. परंतु भारतीय मानकाच्या नियमाप्रमाणे अर्धा ते तीन चौरस मीटरच्या उघड्या भागासाठी वजावट एकाच बाजूची होते, कारण खिडकीच्या आतल्या कडांचे प्लास्टर त्यात धरलेले असते. म्हणून बरोबर क्षेत्र २८.५६ चौरस मीटर. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्यास वजावटच नाही. तीन चौरस मीटरहून मोठ्या दारास दोन्ही बाजूंची वजावट, पण मग कडांचे माप वेगळे मिळवावे. हे नियम मुखोद्गत असलेला, सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची चाळता येणारा, आणि संगणकावर हिशेबाचे तक्ते सफाईने मांडणारा वाणिज्य पदवीधर कोणत्याही कंत्राटदाराच्या कचेरीत लवकरच अपरिहार्य होतो. मुलींसाठी ही वाट विशेष सोयीची आहे, असे अनेकदा सांगितले जाते. मी मात्र त्यांना सुचवीन की, कचेरीत बसून मिळालेल्या मापांवर विसंबू नये, आठवड्यातून काही वेळा तरी हेल्मेट घालून स्वतः पट्टी धरावी. ज्याने भिंत मोजली आहे त्याच्याच बिलाला वजन येते.

एवढे झाल्यावर रीतसर शिक्षणाचा विचार टाळू नये. इमारतीच्या संरचनेचे गणित करून त्यावर सही करणे, सरकारी खात्यात अभियंता म्हणून रुजू होणे, मोठ्या कंपनीत तांत्रिक अधिकारपदावर चढणे, या गोष्टी अनुभवाच्या कितीही वर्षांनी पदवी-पदविकेवाचून होत नाहीत, आणि त्या तशा होऊही नयेत. कारण तेथे लोकांच्या जिवाचा प्रश्न असतो. दहावी उत्तीर्ण झालेल्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील आरेखक (स्थापत्य) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम उत्तम आहे, आणि तो पुरा केल्यावर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा मार्गही तसाच खुला आहे. ज्यास सरकारी नोकरीची आकांक्षा आहे त्याने स्थापत्य अभियांत्रिकी सहाय्यक हा एका वर्षाचा अभ्यासक्रम ध्यानात ठेवावा. दहावीनंतर तो केलेल्यांसाठी राज्य शासनाच्या बांधकाम विभागात त्याच नावाचे पद आहे. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतन घेऊन काम शिकण्याची मुभा आहे. हातकामच शिकावयाचे असेल तर पनवेल येथील लार्सन अँड टुब्रोच्या बांधकाम कौशल्य प्रशिक्षण संस्थेसारख्या जागी सेंट्रिंग, गवंडीकाम, सळईकाम यांचे शिक्षण मिळते. आणि जे आधीच काम करीत आहेत त्यांच्या पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन दाखला देण्याची व्यवस्था प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत केलेली आहे.

येथेच एक इशारा देणे माझे कर्तव्य समजतो. घरबसल्या, पत्राद्वारे, नोकरी सांभाळून अभियंता करून देतो अशा जाहिराती करणाऱ्यांच्या नादी लागून कित्येक होतकरू मुलांनी वर्षे आणि बापाच्या कष्टाचे पैसे घालविले आहेत. पत्रद्वारा तांत्रिक शिक्षण देता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले आहे. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी पदविकेसाठी महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची संलग्नता आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे की नाही, हे संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबून न राहता त्या त्या मंडळाच्या दप्तरी पडताळून पाहावे. परदेशी कामाच्या बाबतीतही तेच. १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी असलेल्या एजंटावाचून आखाती देशांच्या नोकरीसाठी कोणासही एक पैसा देऊ नये.

नोकरी स्वीकारताना तोंडी आश्वासनावर समाधान मानू नये. नेमणूकपत्र मागावे, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक मिळाला की नाही ते पाहावे. प्रत्यक्ष हातकाम करणाऱ्याने वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला घेऊन राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्यावी. १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगारांना ती खुली आहे. आणि सुरक्षेच्या बाबतीत संकोच करू नये. परांचीवर चढताना सुरक्षापट्टा मिळाला नाही, किंवा खोल चराच्या बाजूंना टेकू न देता खाली उतरावयास सांगितले, तर नवा म्हणून गप्प न बसता स्पष्ट नकार द्यावा. असा नकार देणाऱ्यास जे काढून टाकतात त्यांच्यापाशी शिकण्यासारखेही काही नसते.

पहिले वर्ष संपत आले की स्वतःहून जागा बदलून मागावी: स्टोअरमध्ये असल्यास बिलाच्या टेबलावर, टेबलावर असल्यास प्रत्यक्ष कामावर. मालकाने ती दिली नाही तर दुसरे काम पाहण्यास हरकत नाही, परंतु जुनी जागा अनुभवाचा दाखला हाती पडल्यावाचून सोडू नये. त्या दाखल्यात 'समाधानकारक काम केले' एवढाच मजकूर असून भागत नाही. कामाचे नाव व ठिकाण, इमारतीचे मजले व क्षेत्रफळ, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, आणि आपण माल मोजला, हजेरी ठेवली, की मोजमाप-पुस्तिका लिहिली, हा तपशील त्यात आलाच पाहिजे. मसुदा आपणच तयार करून सहीसाठी पुढे ठेवावा, म्हणजे त्यातले काही गळत नाही.